एका बाकावरच्या चार भाषा



वसईत आम्ही कॅथलिक माणसे चर्चला देऊळ म्हणतो. ‘देवळात जाऊन येते’ असे सांगून माझी आजी पहाटे घराबाहेर पडायची. अंगावर लाल लुगडे, हातात जपमाळ. आज मी या देवळातल्या माणसांविषयी बोलणार आहे, आणि त्यातही त्यांच्या भाषांविषयी. एका देवळाभोवती राहणाऱ्या श्रद्धावंतांच्या समूहाला आम्ही धर्मग्राम म्हणतो. माझ्या धर्मग्रामात आता रविवारी पाच-सहा भाषांची माणसे येतात. त्यांनी एकमेकांबरोबर प्रार्थना कशी करायची, हा आमच्या रोजच्या जगण्यातला प्रश्न आहे.

आजीपासूनच सुरुवात करते. आम्ही सामवेदी ख्रिस्ती, बोलीत कुपारी. हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘कोंपाद्रे’वरून आला असे मानतात. कोंपाद्रे म्हणजे मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जोडले जाणारे धर्मपित्याचे नाते. घरात आमची कादोडी बोली. शेजारच्या आळीत वाडवळ, त्यांची वाडवळी. किनाऱ्यावर कोळी, त्यांची बोली आणखी वेगळी. आणि देवळात लॅटिन. फादर वेदीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, म्हणायचे. आजीला त्यातले अक्षर कळत नसे. ती आपली गुडघ्यावर बसून माळ ओढायची, घंटी वाजली की मान खाली घालायची.

१९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि लोकभाषेत उपासना करायला परवानगी मिळाली. हळूहळू आमच्याकडे मराठी मिस्सा आली. मी तेव्हा शाळकरी मुलगी होते. सगळे म्हणाले, आता आपल्या भाषेत. पण आजीला ते सोपे गेले नाही. पुस्तकी मराठी तिने कधी बोललेलीच नव्हती. साठीच्या घरात तिने नवी उत्तरे पाठ केली. मी संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायची आणि ती माझ्यामागून एकेक ओळ म्हणायची. ज्या भाषेला आम्ही आज देवळातली ‘आपली भाषा’ म्हणतो ती आमच्या म्हाताऱ्यांनी अशी मेहनतीने आपली करून घेतली आहे. हे आम्ही फार लवकर विसरलो.

मराठीतल्या साध्या मिस्सेतसुद्धा मराठी एकटी नसते. ‘आमेन’, ‘आलेलुया’, ‘होसान्ना’ हे शब्द मुळात हिब्रू. काही वेळा आम्ही ‘किरिए एलेइसोन’ गातो, ते ग्रीक. दोन हजार वर्षांत उपासना एका देशातून दुसऱ्या देशात गेली, भाषा बदलल्या, पण हे थोडे शब्द कोणी बदलले नाहीत. आजी ‘आमेन’ म्हणायची तेव्हा तिच्या तोंडी यरुशलेमातल्या माणसांचा शब्द असे.

वसईत कॅथलिकांची वस्ती जुनी आहे. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. राज्य गेले तरी इथले ख्रिस्ती आपल्या श्रद्धेसह वाड्यांतून राहिले, केळी आणि पानवेली पिकवत राहिले. १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. इथली उपासना मराठीत, पाळकीय पत्रे मराठीत, ‘सुवार्ता’ मासिक मराठीत. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या वाड्यावाड्यांत आनंद झाला होता.

दरम्यान विरारपर्यंतच्या लोकलने सगळे बदलले. मुंबईत घर न परवडणारी माणसे वसई रोड, नालासोपारा, विरारला आली. त्यांत गोव्याचे कोकणी होते, मंगळूरचे कोकणी होते, तमिळ होते, मलयाळी होते. मलयाळी कॅथलिकांपैकी पुष्कळांची उपासनापद्धतीच वेगळी, सिरो-मलबार. कल्याणला १९८८पासून त्यांचा वेगळा धर्मप्रांत आहे. तरी आठवड्यात सकाळी कामावर जाताना ते जवळच्या आमच्याच देवळात डोकावतात. आमच्या शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या त्याचे दुःख आम्हाला होते आणि आहे. पण जमिनीच्या त्या दुःखाचा राग आम्ही बाकावर शेजारी बसलेल्या माणसावर काढू लागलो.

एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी धर्मग्राम परिषदेची सभा होती. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा कोणत्या भाषेत व्हावी, यावर बोलणे चालू होते. एक मंगळुरी आंटी म्हणाल्या, निदान एक गीत कोकणीत असावे. मी, मराठीची शिक्षिका, उभी राहिले आणि म्हणाले, ‘इथे राहायचे तर मराठी शिकायला हवी.’ टाळ्या पडल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारपासून त्या नवऱ्यासह इंग्रजी मिस्सेला जाऊ लागल्या. इंग्रजीही त्यांची नव्हतीच.

घरी येऊन मी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडला. तो मी वेदीवरून कितीदा वाचला असेन. यरुशलेमातल्या अगदी पहिल्या ख्रिस्ती मंडळीत अरामी बोलणारे यहुदी होते, तसेच बाहेरून आलेले, ग्रीक बोलणारे यहुदी होते. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली. ख्रिस्ती मंडळीतले हे पहिले भाषिक भांडण, आणि ते वाढण्याच्या पानावरून झालेले. प्रेषितांनी काय केले? ‘आधी अरामी शिका’ असे त्यांनी म्हटले नाही. सगळ्यांना बोलावले, सात माणसे निवडायला सांगितली आणि वाटपाचे काम त्या सातांच्या हाती दिले. त्या सातांची नावे वाचा. स्तेफन, फिलिप आणि पुढचे पाच. सातही नावे ग्रीक आहेत. यावरून असे दिसते की ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसे निवडली गेली, आणि सगळ्यांच्या विधवांचे अन्न त्यांच्या स्वाधीन केले गेले. हा अध्याय मला तोंडपाठ होता. तरी त्या सभेत टाळ्या मिळवणारे वाक्य मी बोलले.

पुढच्याच पावसाळ्यात त्या आंटींचे यजमान गेले. आमच्याकडे माणूस गेला की घरी रात्री जपमाळेची प्रार्थना होते. ही प्रार्थना दोन भागांत असते. पहिला अर्धा भाग एक जण म्हणतो, उरलेला अर्धा सगळे मिळून म्हणतात. त्या रात्री आंटींच्या सुनेने कोकणीत सुरुवात केली आणि आम्ही वाडीतल्या बायकांनी मराठीत उत्तर दिले. कोणी ठरवलेले नव्हते. एका तमिळ शेजारणीने तिचे उत्तर तमिळमध्ये म्हटले. वाक्यांची लांबी वेगवेगळी, पण पन्नास वेळा म्हणता म्हणता शेवटचे ‘आमेन’ सगळ्यांचे एकत्र पडू लागले. आंटी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माळ संपल्यावर त्यांनी माझा हात धरला. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘टीचर, चहा घेऊन जा.’

तेव्हापासून मी गायनवृंदात वेगळ्या कामाला लागले. कोकणी गीत बसवायचे तर पहिला प्रश्न लिपीचा. गोव्याचे कॅथलिक कोकणी रोमी लिपीत लिहितात, मंगळूरचे कन्नड लिपीत. एकाचे पुस्तक दुसऱ्याला वाचता येत नाही. पण त्यांची वसईत वाढलेली मुले शाळेत मराठी शिकतात, म्हणून दोघांच्याही मुलांना देवनागरी येते. आम्ही गीत देवनागरीत लिहून काढतो आणि गोव्याची व मंगळूरची माणसे एकाच कागदावरून गातात. मराठी शाळेतली लिपी अशी कोकणीच्या उपयोगी पडली याचा मला, मराठीची शिक्षिका म्हणून, मनापासून अभिमान वाटतो. तमिळ गीताचेही तसेच. आमच्या ‘ळ’चा तिथे मोठा आधार, तमिळ, कन्नड, मलयाळी, कोकणी सगळ्यांकडे तो आहे. पण तमिळमध्ये त्याच्याजवळचा आणखी एक ध्वनी आहे, त्याला मराठीच्या वर्णमालेत अक्षर नाही. गेल्या वर्षी एका तमिळ मुलीने आम्हा पंधरा बायकांना जीभ मागे कशी वळवायची ते अर्धा तास शिकवले. साठी उलटलेल्या बायका, पुन्हा पाठांतराला बसल्या होत्या. मला आजी आठवली.

या सगळ्या भाषांना एकत्र आणणारा दिवस म्हणजे ८ सप्टेंबर, मारियामातेचा जन्मदिन. तमिळ माणसांसाठी तो वेलांकण्णी मातेचा सण. नागपट्टिणमजवळच्या तिच्या देवळात २९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि नऊ दिवसांची प्रार्थना, म्हणजे नोव्हेना, चालते. मुंबईकरांना या दिवसाच्या सुमाराला वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा आठवते. मंगळुरी घरांत या सणाला मोंती फेस्त म्हणतात. मुले टोपलीत फुले घेऊन येतात आणि बाळ मारियेपुढे वाहतात. भाताच्या नव्या लोंब्या देवळात आशीर्वादित होतात, घरी नेऊन त्यांचे दाणे दुधात घालून सगळ्यांना देतात, आणि त्या दिवशी जेवणात मासमच्छी नसते, भाज्यांची संख्या विषम ठेवतात. आम्हा वसईकरांचा नव्या पिकाचा सण म्हणजे आगेरा. तो ऑक्टोबरात येतो, पण सोहळा तोच: शेतातली पहिली लोंबी वेदीवर. शेत विकलेले असले तरी लोंबी कुठून तरी आणतातच. मंगळुरी घरातली लोंबी गावाहून पार्सलने येते, आमची उरल्यासुरल्या खाचरातून. दोन्ही एकाच वेदीवर ठेवल्यावर वेगळ्या ओळखता येत नाहीत.

भाषेप्रमाणे वेगळ्या मिस्सा असाव्यात की सगळ्यांची एक, असे मला नेहमी विचारतात. दोन्ही हव्यात, असे माझे मत आहे. माणसाला पापनिवेदन करायला, मेलेल्यासाठी रडायला आणि मुलाला देवाचे नाव शिकवायला स्वतःची बोली लागते. ती त्याला देवळाने दिली पाहिजे. पण वर्षाचे मोठे दिवस, नाताळ, ईस्टर, गावचा सण, हे वेगवेगळ्या वेळी वाटून टाकले तर एका छपराखाली चार धर्मग्राम होतील. त्या दिवशी सगळे एकत्र हवेत. सोय आहेच: आमच्या उपासनापद्धतीच्या कॅथलिक देवळांत रविवारची वाचने तीन वर्षांच्या ठरलेल्या चक्राप्रमाणे असतात, त्यामुळे त्या रविवारी मराठीत जो उतारा वाचला जातो तोच तमिळ आणि कोकणी मिस्सेतही असतो. एक वाचन एका भाषेत झाले तरी दुसऱ्याला आपल्या पुस्तकात ते सापडते. आणि वसईत या सगळ्याची मुख्य भाषा मराठीच राहिली पाहिजे, हेही मी ठामपणे म्हणते. मराठी ही या अंगणाची भाषा आहे. अंगणात आलेल्याला बसायला पाट देणे हे अंगणवाल्याचे काम असते.

मराठीला स्वतःलाही असा पाट मिळालेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्यात आले, इथल्या भाषा शिकले, आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत. आणि आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया? त्यांची आई इथली, वडील पोर्तुगीज. तरुणपणी ते जपानला गेले, जपानी भाषा उत्तम शिकले. १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा गट मनिलाहून जपानला निघाला तेव्हा दुभाषा म्हणून त्यांना बरोबर नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रूसावर मारले. त्यांत वीस जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा. १८६२ साली ते संत म्हणून घोषित झाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. त्यांच्या नावाचे देऊळ वसईत गास गावी आहे. आम्ही त्यांच्या शौर्याची आठवण दरवर्षी करतो. ते दुभाषा होते, दुसऱ्याचे बोलणे तिसऱ्यापर्यंत पोचवत होते, हेही प्रवचनात सांगितले जावे अशी माझी आमच्या धर्मगुरूंना विनंती आहे.

श्रोत्यांनाही एक विनंती. येत्या ८ सप्टेंबरला सकाळी वसईतल्या कोणत्याही देवळात या. तुमचा धर्म कोणताही असो, दारात कोणी विचारत नाही. मागच्या बाकावर बसा आणि शेजारचे माणूस कोणत्या भाषेत प्रार्थना करते ते ऐका. मिस्सा संपल्यावर ऊस किंवा फुले वाटली तर ती घेतल्याशिवाय जाऊ नका.