वडासाठी लाकडी पेटी

बोन्सायला चिनी मातीचं भांडंच हवं, असं आम्हालाही वाटायचं. पण झाड घडत असतं, तोवर लाकडी पेटी बरी. उन्हात मुळं फार तापत नाहीत. पहिल्या पेट्या आम्ही आंब्याच्या खोक्यांच्या फळ्यांनी केल्या. एका पावसाळ्यात तळ कुजले, पाणी तुंबलं, दोन वड गेले. गटाचे पैसे होते हो ते! आता सुताराकडून सागाचे उरलेले तुकडे आणतो. तळाला भोकं पाडतो, त्यावर जाळी घालतो आणि खाली दोन पट्ट्या ठोकतो, म्हणजे तळाला वारा लागतो. जळकं ऑइल मात्र लावू नका, मुळांना बाधतं. बाहेरून जवसाचं तेल पुरे. लोखंडी खिळे गंजतात, म्हणून पितळी स्क्रू. महाग पडतात खरे, पण पेटी खिळखिळी होत नाही.