शार्लरुआ, चिकलठाणा आणि आपली असई

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि विषयही ठरवून दिला आहे. "तू इतकी वर्षं युरोपात आहेस, तिकडच्या फिरण्याबद्दल बोल." आता आयफेल टॉवरसमोर उभे राहून काढलेले फोटो या सभागृहात निदान दहा जणांच्या मोबाइलमध्ये असतील. त्यामुळे पॅरिसबद्दल मी काही बोलत नाही. मी बोलणार आहे लहान विमानतळांबद्दल. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुले आता जर्मनीत, हॉलंडमध्ये, आयर्लंडमध्ये आहेत. तुम्ही त्यांच्याकडे महिना-दोन महिने जाता, मुले नोकरीवर जातात आणि तुम्ही खिडकीतून पाऊस बघत बसता. हे बोलणे मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

मी बियाण्यांच्या क्षेत्रात काम करते. जालन्याच्या मुलीने दुसरे काय करायचे! भाज्यांच्या वाणांच्या चाचण्या कुठे इटलीत, कुठे स्पेनमध्ये असतात. कंपनी स्वस्तातले तिकीट काढते आणि स्वस्त विमाने मोठ्या शहराच्या मोठ्या विमानतळावर क्वचितच उतरतात. ती उतरतात शेजारच्या गावात. तिकिटावर 'मिलान' लिहिलेले असते, उतरता तुम्ही बेर्गामोला. 'पॅरिस' म्हणून बसता, उतरता बोव्हेला, आणि तिथून पॅरिस ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. 'फ्रँकफर्ट-हान' नावाचा विमानतळ तर फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे परभणीला उतरवायचे आणि सांगायचे, संभाजीनगर आले! म्हणून पहिली सूचना: नावात आडवी रेघ असेल तर रेघेच्या पुढचे गाव बघा. खरे विमान तिथे उतरते.

बहुतेक प्रवासी अशा ठिकाणी उतरले की बाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये बसतात आणि थेट मोठ्या शहराकडे जातात. ज्या गावात उतरले त्या गावाकडे मान वळवूनही बघत नाहीत. मला हे बघून आपले चिकलठाणा आठवते. तिथे जपानहून, कोरियाहून बौद्ध यात्रेकरू उतरतात, गाडीत बसतात, एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा आणि परत. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलेले शहर, त्याचे दरवाजे, डोंगरातून जमिनीखालून आणलेल्या नहरी, पाणचक्की, मकबऱ्यामागची लेणी, यांच्या वाट्याला फार तर एखादा तास येतो. आपली जालनेकरांची तर गंमतच आहे. विमानतळ जालना रोडवर, शहराच्या अलीकडे. आपण शहरात पाऊलही न टाकता विमानात बसतो.

तर बेर्गामो. विमानतळापासून गाव पाचेक किलोमीटर, साधी शहर बस जाते. गाव दोन मजली आहे असे समजा. खाली नवे, वर टेकडीवर जुने. वर जायला दोरीने ओढली जाणारी रेल्वे आहे, १८८७ पासून चालू. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी (हात वर करू नका, मला दिसताहेत) ती जरूर घ्यावी. वर गेले की भोवताली सहा किलोमीटरचा तट. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १५६१ मध्ये त्याचे काम सुरू केले, त्यासाठी शेकडो घरे पाडली, एक जुने मोठे चर्चसुद्धा पाडले. इतके करून त्या तटाला मोठा वेढा कधी पडलाच नाही. २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रात्री दहा वाजता चौकातल्या मनोऱ्यावरची घंटा शंभर ठोके देते. पूर्वी वेशीचे दरवाजे बंद व्हायच्या आधीची ती सूचना होती. दरवाजे आता बंद होत नाहीत, ठोके मात्र चालू आहेत. मी तिथल्या कट्ट्यावर बसून सगळे शंभर मोजले आहेत. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा चीज घालून देतात, त्याला पोलेंता म्हणतात. शाकाहारी माणसाचे पोट भरते. सोबत ठेचा असता तर आणखी बरे झाले असते. पण ठेच्याची बाटली एका विमानतळावर तपासणीत काढून घेतली, द्रव पदार्थ म्हणून! शंभर मिलिलिटरच्या वरचे लोणचे, चटणी, तूप काहीही हातातल्या पिशवीत ठेवू नका. दशम्या चालतात.

स्पेनमध्ये बार्सिलोनासाठी म्हणून जिरोनाला उतरवतात. तिथल्या कॅथीड्रलचे सभागृह जवळजवळ तेवीस मीटर रुंद आहे आणि मध्ये एकही खांब नाही. गॉथिक पद्धतीच्या चर्चमध्ये एवढी रुंदी दुसरीकडे कुठेही नाही. व्हेनिससाठी त्रेव्हिझोला उतरलात तर हिवाळ्यात तिथल्या बाजारात लाल रादिक्यो ही भाजी बघा. शेतातून मुळासकट उपटून झऱ्याच्या पाण्यात उभी ठेवतात, मग आतून नवे कोंब फुटतात. हे तुम्हाला कंटाळवाणे वाटेल, मी तासभर बघत उभी होते.

बोव्हेबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. तिथल्या लोकांनी तेराव्या शतकात जगातले सर्वांत उंच चर्च बांधायचे ठरवले. गाभाऱ्याचे छत अठ्ठेचाळीस मीटरवर नेले. १२८४ मध्ये त्यातला काही भाग कोसळला. पुन्हा उभारला. पुढे सोळाव्या शतकात त्यावर १५३ मीटरचा मनोरा चढवला, तो १५७३ मध्ये पडला. मग पैसे संपले आणि उत्साहही. आजही त्या चर्चला गाभारा आहे, पण पुढचा सभामंडप नाही. आत लाकडी आधार लावलेले दिसतात. विमानतळापासून ते इतके जवळ आहे आणि रोज पॅरिसच्या बसमध्ये बसणारे हजारो लोक ते न बघता जातात.

आता व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी पटकन सांगते. शेंगेन व्हिसा असला तरी पासपोर्ट नेहमी जवळ ठेवा. भारतीय पासपोर्टवर स्वस्त विमानाने जाताना बऱ्याचदा आधी खिडकीवर कागदपत्रे दाखवून घ्यावी लागतात, मुले ते सांगायला विसरतात. पिशवीचे माप घरीच टेपने मोजा, दारात मोजले की तिकिटापेक्षा दंड जास्त होतो. लहान विमानतळावरून शेवटची बस किती वाजता आहे ते तिकीट काढण्याआधी बघा. रविवारी दुकाने बंद असतात. बस, एवढेच.

आता ज्या विमानतळासाठी हे भाषण तयार केले, त्याकडे येते. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या दक्षिणेला शार्लरुआ नावाचे कोळसा आणि पोलादाचे जुने शहर आहे. त्याच्या शेजारी विमानतळ, नाव अर्थातच ब्रुसेल्सचे. लोक उतरतात आणि ब्रुसेल्सची बस धरतात. मी मुलीला घेऊन शार्लरुआ स्टेशनवर गेले आणि ब्रुसेल्सकडे जाणाऱ्या रेल्वेने मध्येच ब्रेन-लालू या स्टेशनावर उतरले. तिथून जवळ वॉटर्लूची रणभूमी आहे. १५ जून १८१५ ला नेपोलियनने शार्लरुआला नदी ओलांडली आणि १८ तारखेला वॉटर्लूला त्याचा पराभव झाला. समोर होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हणजेच आर्थर वेलस्ली. सर, तुम्ही हसताय, तुम्हाला कळले मी कुठे चालले आहे ते.

वॉटर्लूला मातीची मोठी टेकडी रचली आहे, वर सिंहाचा पुतळा, चढायला २२६ पायऱ्या. खाली संग्रहालय, लढाईचे गोलाकार भव्य चित्र, उपाहारगृह, दुकानात वेलिंग्टनचे पेले. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिला मी सांगितले की या माणसाला म्हातारपणी विचारले होते, तुझी सर्वांत चांगली लढाई कोणती, तर त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही. तो म्हणाला, असई. ती म्हणाली, "ते कुठे आहे?" मी म्हणाले, "आजीच्या तालुक्यात." तिने विचारले, "तिथे काय आहे?"

काय सांगणार? शेत आहे म्हणाले.

पुढच्या सुट्टीत आम्ही गेलो. चिकलठाण्याला उतरलो, सिल्लोडवरून भोकरदनकडे वळलो. खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधला तो पट्टा. कापूस, मका, सोयाबीन. सरांनी नववीत फळ्यावर काढलेला नकाशा मला पाठ होता. २३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज नदीपलीकडे. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसे. वाटाड्यांनी सांगितले, पुढे नदीला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले तर एका काठावर पिंपळगाव, समोरच्या काठावर वरूड, अगदी समोरासमोर. त्याने ताडले की दोन गावे अशी समोरासमोर असतील तर मध्ये उतार असणारच. सर तेव्हा म्हणाले होते, "यासाठी ड्यूक कशाला व्हावे लागते? तुमच्या आजीला विचारा, ती सांगेल." उतार खरोखरच होता. तिथूनच तो पलीकडे गेला.

मुलीला मी शिंद्यांच्या गोलंदाजांबद्दलही सांगितले. ते तोफा सोडून पळाले नाहीत, तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले. इंग्रजांनी ९८ तोफा जिंकल्या, पण त्यांची दीड हजारांहून जास्त माणसे मेली किंवा जखमी झाली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेल्या ७४ व्या पलटणीची तर निम्म्याहून जास्त माणसे गेली. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन हा हानोव्हरचा जर्मन होता. म्हणजे आपल्या खेळणेच्या काठी तेव्हा निम्मा युरोप येऊन भांडत होता. वेलस्लीचे नाव नोंदवले गेले. गोलंदाजांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. माझी मुलगी काठावर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "इथे एक पाटीसुद्धा का नाही, जिथे आपण उभे आहोत तिथे?" वॉटर्लूच्या २२६ पायऱ्या चढून आलेल्या मुलीचा प्रश्न होता तो.

भोकरदनचे तर त्याहून जुने आहे. भोगवर्धन या नावाने सांची आणि भरहूतच्या दानलेखांत त्याचा उल्लेख आहे. पोंपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या एका घरात १९३८ मध्ये हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती निघाली, म्हणून काही अभ्यासक ती भोकरदनहूनच गेली असावी असे मानतात. आपले लोक नेपल्सला पिझ्झा खायला जातात. जाल तेव्हा तिलाही भेटून या, बहुधा माहेरचीच आहे.

आता माझी एक विनंती, आणि तिच्यासाठीच मी पंधराची वीस मिनिटे केली आहेत. आपल्या निधीतून शाळेला कमान बांधावी असा प्रस्ताव सकाळी आला. कमान व्हावी, माझा विरोध नाही. पण कमानीआधी, किंवा कमान थोडी बुटकी करून, एक काम करू. दर वर्षी नववीच्या मुलांची एक सहल. भोकरदनची लेणी, असईचा उतार, आणि परतताना एक पूर्ण दिवस संभाजीनगर शहरात. वेरूळ नाही, अजिंठा नाही, ते मुले आईवडिलांबरोबर बघतातच. शहर बघायचे. भडकल दरवाजापासून पाणचक्कीपर्यंत पायी. आपल्या वेळी सहल म्हणजे दौलताबाद आणि डब्यातली पुरीभाजी. पुरीभाजी राहू द्या.

२३ सप्टेंबरला नदीला पाणी असते, रस्ताही चिखलाचा, म्हणून डिसेंबर बरा. मुक्कामाचे मुलामुलींचे वेगळे बघावे लागेल, ते आपल्यातले दोन शिक्षक मित्र ठरवतील. ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन काठावर एक दगडी पाटीही लावता येईल. दोन्ही बाजूंनी पडलेल्यांसाठी एकच पाटी, मराठीत आणि इंग्रजीत. मजकूर बाईंनी लिहावा, कारण आमच्या निबंधातला फाफटपसारा लाल शाईने कापणारे दुसरे कोणी मला माहीत नाही.

पहिल्या वर्षीच्या दोन एसटी गाड्यांचे भाडे मी देते. आणि सर, पहिल्या गाडीत पुढची खिडकीची जागा तुमच्यासाठी ठेवणार आहोत. नकाशा काढायला फळा तिथे नसेल, पण नदी असेल.