मोळीची किंमत कोण ठरवतो?

(महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरपणाच्या धंद्यावर मी काही बोलावं, असं मला सांगितलं आहे. लाकूड कसं तोडावं, कसं फोडावं हे मी तुम्हाला शिकवणार नाही. ते तुमच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी गटांचे हिशेब पाहते, म्हणून दराबद्दल बोलते.

जव्हार-मोखाड्याच्या बाजारात मोळी डोक्यावरून उतरते, तेव्हा घेणारा विचारतो, "कितीला?" आपण आकडा सांगतो, तो निम्मा करतो. संध्याकाळ होत आलेली असते आणि मोळी परत घरी न्यायची नसते. म्हणून तो म्हणेल त्या भावाला ती जाते. मोळी हे माप नाही. एकीची मोळी वीस किलोची, दुसरीची तीस किलोची. माप नसेल तिथे भाव घेणाराच ठरवतो.

आधी लाकूड कुठलं, ते स्पष्ट करू. मी राखीव जंगलातून तोडून आणलेल्या लाकडाबद्दल बोलत नाही. बांधावरची सुबाभूळ आणि गिरिपुष्प, वाडीतल्या आंबा-काजूच्या छाटणीच्या फांद्या, वादळात पडलेलं स्वतःच्या शेतातलं झाड, यांच्याबद्दल बोलते. मोह, आंबा, खैर, ऐन, हिरडा ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. ठेकेदार उभी झाडं कवडीमोलाने घेऊन जात, म्हणूनच तो करावा लागला. तेव्हा उभ्या झाडाचा सौदा कुणाशीही परस्पर करू नका. टेम्पो भरण्याआधी वनपालांना भेटा आणि वाहतुकीला पास लागणार असेल तर तो हातात घ्या. कागद नसलेल्या लाकडाला घेणारा नेहमीच कमी भाव देतो, कारण तुम्ही तक्रार करणार नाही हे त्याला माहीत असतं.

आता वजनाकडे येऊ. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणी असतं. चांगलं वाळलं तरी पाचवा हिस्सा पाणी राहतंच. समजा, १६०० किलो ओलं लाकूड आहे. त्यात ८०० किलो पाणी आणि ८०० किलो खरं लाकूड. ते वाळून १००० किलो होतं. आता वखारवाला म्हणतो, "ओल्याला अडीच रुपये किलो, सुक्याला चार." ऐकायला चार रुपये बरे वाटतात. पण १६०० किलो अडीचने विकलं तर ४००० रुपये आणि १००० किलो चारने विकलं तरी ४००० रुपयेच. मग फोडायची, रचायची, चार-पाच महिने सांभाळायची मेहनत फुकट गेली. हा हिशेब घरी पोरांकडून करून घ्या, सातवीच्या मुलाला येतो.

सुकं लाकूड महाग असायलाच हवं. ओल्या लाकडाची बरीचशी आग त्याचं स्वतःचं पाणी उडवण्यात जाते. धूर होतो, भांडं काळं होतं, स्वयंपाकाला वेळ लागतो. ढाबेवाल्याला आणि लग्नाच्या आचाऱ्याला हे चांगलं कळतं. वाळलेलं लाकूड ओळखायची खूण तुम्हाला माहीत आहेच: टोकाला चिरा पडतात, साल सुटते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज येतो. ओलं असेल तर आवाज बसका येतो. घेणाऱ्यासमोर दोन तुकडे वाजवून दाखवा.

आता दर कसा काढायचा ते पाहू. आकडे मी धरून चालते, तुम्ही आपापले घाला. १००० किलो सुक्या लाकडासाठी तोडायला आणि बांधावरून वाहायला चार मजुऱ्या, फोडायला तीन, रचून झाकायला एक, भरून पोचवायला एक. एकूण नऊ मजुऱ्या. ३०० रुपयांनी २७०० झाले. शेतमालकाला लाकडाचे ८०० रुपये. झाड आपलंच असलं तरी हे पैसे धरायचे, कारण ते झाड वाढायला वर्षं लागली आहेत. टेम्पो १००० रुपये. कुऱ्हाडीला धार, दांडा, ताडपत्रीचा वाटा ३०० रुपये. बेरीज ४८०० रुपये. म्हणजे किलोला ४ रुपये ८० पैसे आपल्याला घरात पडले. त्यावर पाचवा हिस्सा धरा, ९६० रुपये. त्यात तुटफूट, काट्यावरची घट आणि गटाची शिल्लक आली. झाले ५७६०. म्हणून दर सहा रुपये सांगायचा आणि पावणेसहाच्या खाली यायचं नाही.

याच मालाला वखारवाल्याचे चार रुपये घेतले तर काय होतं? ४००० मधून लाकूड, टेम्पो आणि हत्यारांचे २१०० गेले, राहिले १९००. नऊ मजुऱ्यांत वाटले तर एकीला दिवसाला २११ रुपये. तो दर मान्य करताना "मी २११ रुपयांत कुऱ्हाड चालवते" असं आपणच कबूल करत असतो. बहुतेक गटांत स्वतःची मजुरी हिशेबात धरतच नाहीत. "ती काय, घरचीच मेहनत," असं म्हणतात. घरची मेहनत आधी लिहायची, बाकी खर्च नंतर.

विक्रीची वेळही दर ठरवते. भात कापून झालं की तोड करायची, उन्हाळ्यात फोडून जमिनीपासून वर, दगडांवर किंवा बल्ल्यांवर रचायचं, बाजू मोकळ्या ठेवून फक्त माथा झाकायचा. वारा लागला पाहिजे. लग्नसराईत थोडं विकायचं आणि निम्मा साठा पावसाळ्यासाठी राखायचा. आषाढात सुकं लाकूड कुणाकडेच नसतं. तेव्हा हमरस्त्यावरचे चुलीवरच्या जेवणाचे ढाबे आणि स्मशानभूमीसाठी लाकूड ठेवणाऱ्या ग्रामपंचायती शोधत येतात. मुंबईच्या बेकऱ्यांवर मात्र विसंबू नका. तिथल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्याव्यात, असं उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत सांगितलं आहे. शहरातल्या माणसांचा श्वासही महत्त्वाचा आहे. आपण आपलं गिऱ्हाईक जवळच शोधू.

माप आणि दर यासाठी या भागातल्या माणसांनी पूर्वीही मोठी किंमत मोजली आहे. १९४५ साली तलासरी-उंबरगावकडचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, तेव्हा त्यांची एक मागणी अगदी साधी होती: ५०० पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. वजन ठरलेलं आणि दर ठरलेला. पुढे १९४७ पासून बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी संस्था सुरू केल्या, त्यामागेही ठेकेदाराला बाजूला सारून कष्टाचे पैसे कष्ट करणाऱ्याला मिळावेत हाच विचार होता. आपला गट त्याच वाटेवर आहे.

हे सगळं मी इतक्या बारकाईने का सांगते? दिवाळीनंतर वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येतो आणि उचल देतो. उचल घेतली की घराला कुलूप लागतं आणि पोरांची शाळा सुटते ती जूनपर्यंत. सरपणाच्या धंद्याने कुणी श्रीमंत होणार नाही. पण एखाद्या घराला पावसाळ्यात रचलेल्या लाकडांतून काही हजार रुपये मिळाले आणि ते गटाच्या खात्यात राहिले, तर दिवाळीत मुकादमाला "यंदा नाही" म्हणता येतं. किलोमागे दोन रुपयांचा फरक म्हणजे हजार किलोला दोन हजार. आजारपणासाठी किंवा बियाण्यासाठी घेतलेली उचल कित्येकदा एवढीच असते.

शेवटी चार गोष्टी गटाच्या वहीत लिहून ठेवा. एक, गटाने मिळून एक वजनकाटा घ्यायचा आणि माल आपल्या काट्यावर मोजूनच द्यायचा. दोन, प्रत्येक विक्रीची पावती करायची: तारीख, वजन, दर, रक्कम. उधारी द्यायची नाही. तीन, एका गावातल्या सगळ्या गटांनी एकच दर सांगायचा. एकीने स्वस्तात दिलं की सगळ्यांचा भाव पडतो. चार, सुबाभूळ मुळापासून खणायची नाही. खुंट ठेवला की पुन्हा फुटवे येतात. आणि जेवढी तोड, त्याच्या दुप्पट रोपं पहिल्या पावसात बांधावर लावायची. बांध मोकळा झाला तर धंदा दोन वर्षांत संपेल.

तुमच्या घामाचा हिशेब देवाकडे आहेच. तो वहीतही असू द्या. देव तुमच्या हातांना यश देवो.