आधी पाया की आधी वरचा थर?

आजचा विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे. थांबा, लगेच पुढच्या भागावर जाऊ नका. खेळ माहीत नसला तरी चालेल, दोन मिनिटांत समजेल एवढं मी सांगतो. प्रश्न एका ओळीचा आहे: ड्राफ्टमध्ये तुमची पाळी लवकर आली, समोर एक भन्नाट रिसीव्हर आहे आणि एक तगडा लाइनमन आहे, तर कुणाला घ्यायचं?

आधी थोडी तोंडओळख. अकरा जण आक्रमणाला उभे राहतात. मध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याच्या पुढे पाच धिप्पाड माणसं: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकाला दोन टॅकल. ही झाली ऑफेन्सिव्ह लाइन. यांचं काम एकच, समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं. क्वार्टरबॅकला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात, ती सेकंदं हे पाच जण कमावून देतात. एरवी यांच्या हातात चेंडू येत नाही आणि आकडेवारीत नाव दिसत नाही. नाव कधी घेतात, तर चूक झाली की!

आणि ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलसारखा लिलाव नाही. इथे बोली लागत नाही. ३२ संघ, सात फेऱ्या. मागच्या वर्षी जो सगळ्यात वाईट खेळला त्याची पाळी आधी. कॉलेजमधून आलेल्या पोरांतून एकेक उचलायचा. पाळी एकदा वापरली की गेली. म्हणून पहिल्या फेरीतली चूक चार-पाच वर्षं पुरते.

आता गोष्ट सांगतो सिनसिनाटी बेंगल्सची. २०२० मध्ये त्यांनी पहिल्याच क्रमांकावर जो बरोला घेतलं. एलएसयूचा क्वार्टरबॅक, आदल्या मोसमात त्याचं कॉलेज एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतं झालेलं. पोरगं शांत डोक्याचं, नेम अचूक. पण त्याच्या पुढची भिंत कच्ची. पहिल्या १० सामन्यांत त्याला ३२ वेळा सॅक केलं, म्हणजे चेंडू हातात असतानाच आडवा पाडला. २२ नोव्हेंबर २०२० ला वॉशिंग्टनविरुद्ध एक वरून आदळला, एक खालून. चेंडू हातातून सुटला होता, पण डावा पाय अडकला. गुडघ्याचे दोन लिगामेंट फाटले. मोसम तिथेच संपला.

मी तो क्षण एकदाच पाहिला. परत पाहायची हिंमत झाली नाही.

त्यामुळे २०२१ च्या ड्राफ्टमध्ये बेंगल्सची पाळी पाचवी आली, तेव्हा माझ्या डोक्यात काही शंकाच नव्हती. पनेई सूएल! अमेरिकन सामोआमध्ये जन्मलेला, ओरेगन विद्यापीठाचा टॅकल. वय वीस, उंची सहा फूट पाच इंच, वजन दीडशे किलोच्या आसपास आणि पाय नर्तकासारखे हलके. २०१९ मध्ये कॉलेजच्या सर्वोत्तम लाइनमनला मिळणारी आउटलँड ट्रॉफी याच्याकडे. गुडघा मोडलेला क्वार्टरबॅक घरात आहे आणि दारात असा रखवालदार उभा आहे. यात विचार काय करायचा?

३० एप्रिलची पहाट, आपल्याकडे साडेपाच. करोनाची दुसरी लाट, सगळे घरात कोंडलेले. मी मोबाइल उशीला टेकवून बघतोय. आणि बेंगल्सनी नाव घेतलं जमार चेसचं. रिसीव्हर! बरोचा कॉलेजमधला जोडीदार. सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सकडे गेला. मी ग्रुपवर लिहिलं, "यांना वेड लागलंय. दुसरा गुडघा पण मोडून घेणार आता." मित्र म्हणाला, "पैज?" म्हटलं, "पैज."

आता, मी एवढा का पेटलो होतो ते सांगतो. त्याचं कारण फुटबॉल नाही, दहीहंडी आहे.

कॉलेजात असताना मी एका गोविंदा पथकात होतो. अंगानं भरलेला, त्यामुळे जागा ठरलेली, सगळ्यात खाली. खांद्यावर माणूस, त्याच्या खांद्यावर माणूस. वर काय चाललंय ते आपल्याला दिसतच नाही. समोरच्याची पाठ, डोळ्यांत पाणी, कानात डीजे. एका वर्षी आमचा सगळा जीव वरच्या पोराच्या निवडीत अडकला. हलका, चपळ, न घाबरणारा. सापडलाही तसा, काय सुरेख चढायचा! पण खालच्या थरातले दोघे गावी गेले आणि त्यांच्या जागी ऐन वेळी जो हाताला लागला तो उभा केला. पाचवा थर लागला आणि माझ्या शेजारच्याचा गुडघा वाकला. बस्स, सगळं खाली. वरच्या पोराचा हात मोडला. दवाखान्याच्या बाकावर बसून आमचे दादा म्हणाले, "वर चढणारा शोधायला आपण दोन महिने घालवले रे. खाली उभे राहणारे मात्र सकाळी गोळा केले."

हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर पैज. ऑगस्टमधल्या सराव सामन्यांत चेसच्या हातून चेंडू सुटत होते आणि मी खूश होतो. मग खरा मोसम सुरू झाला आणि माझी बोलती बंद. १,४५५ यार्ड, १३ टचडाउन, आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित. आदल्या वर्षी चारच सामने जिंकलेला संघ १० जिंकून गटात पहिला आला. प्लेऑफमध्ये ३१ वर्षांत पहिला विजय मिळवला आणि थेट सुपर बोलला पोचला. त्याच वर्षी सूएलचे लायन्स? ३ विजय, १३ पराभव, एक बरोबरी. मित्रानं रोज स्क्रीनशॉट पाठवले. मी मुकाट्यानं पार्टी दिली.

पण दुसरा आकडाही बघा. त्या मोसमात बरो ५१ वेळा आडवा झाला, लीगमध्ये सगळ्यात जास्त. टेनेसीविरुद्धच्या एका प्लेऑफ सामन्यात नऊ वेळा, आणि तरी जिंकले, १९-१६. म्हणजे चेस आणि बरो मिळून भिंतीचं कर्ज फेडत होते.

ते कर्ज सुपर बोलमध्ये अंगाशी आलं. १३ फेब्रुवारी २०२२, आपल्याकडे सोमवारची पहाट. समोर लॉस एंजेलिस रॅम्स. बरो सात वेळा आडवा, उजवा गुडघाही दुखावलेला. तरी शेवटच्या मिनिटात रॅम्स फक्त तीन गुणांनी पुढे, २३-२०. बेंगल्सकडे चेंडू, चौथा डाउन, हवा फक्त एक यार्ड. बरोनं चेंडू घेतला. लांब, मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे, जेलन रॅम्झीचा तोल गेला आणि चेस मोकळा सुटला. अगदी मोकळा! पण ॲरन डॉनल्ड भिंत फोडून आत आलेला. त्यानं बरोला धरून गरकन फिरवलं. बरोनं जवळच्या पेराइनकडे कसाबसा चेंडू भिरकावला, तो जमिनीवर पडला. खेळ खलास.

ज्याला सूएलच्या ऐवजी घेतलं तो मोकळा होता. ज्या एका सेकंदासाठी सूएल घ्यायचा, तो सेकंद नव्हता. मी उठून गॅलरीत गेलो. दूधवाला येऊन गेला होता. पैज हरल्याचं दुःख नाही की आपलंच खरं ठरल्याचा आनंद नाही, असलं काहीतरी विचित्र वाटत होतं.

आणि गंमत बघा. रॅम्सच्या बाजूनं डाव्या टॅकलच्या जागी कोण? चाळीस वर्षांचा अँड्र्यू व्हिटवर्थ. याला २००६ मध्ये ड्राफ्टमधून घेतलं कुणी? बेंगल्सनीच, दुसऱ्या फेरीत. ११ मोसम तो तिथे खेळला आणि २०१७ मध्ये रॅम्सकडे गेला. लाइनमन असा टिकतो, म्हणून त्याच्यावर लवकर पाळी खर्च करणं वाया जात नाही, असं म्हणणारे याच माणसाकडे बोट दाखवतात.

"मग झालं की," तुम्ही म्हणाल, "लाइनमन लवकर घ्यावा, विषय संपला." मलाही तसंच वाटलं होतं. मग मी मागची नोंद काढून बसलो आणि तिथे गोची झाली.

बेंगल्सनी लाइनमन लवकर घेतलेच होते! २०१५ मध्ये पहिल्या फेरीत सेड्रिक ओबुएही, दुसऱ्या फेरीत जेक फिशर, दोघेही टॅकल. व्हिटवर्थनंतरची सोयच ती. दोघेही चालले नाहीत. २०१८ मध्ये २१ व्या क्रमांकावर सेंटर बिली प्राइस. तोही नाही. २०१९ मध्ये ११ व्या क्रमांकावर टॅकल जोना विल्यम्स. तो दुखापतीमुळे पहिला अख्खा मोसम बाहेर. पाच वर्षांत पहिल्या फेरीचे तीन लाइनमन, आणि तरी बरोच्या वाट्याला गळकं छप्पर.

उलट लायन्स बघा. २०१६ मध्ये १६ वा, टेलर डेकर. २०१८ मध्ये २० वा, फ्रँक रॅग्नाऊ, म्हणजे बिली प्राइसच्या बरोब्बर एक पाळी आधी. २०२१ मध्ये सातवा, सूएल. यांनीही पहिल्या फेरीचे तीन घेतले. यांची मात्र लीगमधल्या सर्वोत्तम भिंतींपैकी एक उभी राहिली. तिच्यामागे उभा होता जॅरेड गॉफ. हा काही पळणारा क्वार्टरबॅक नाही, पण त्याला वेळ दिला तर सुईत दोरा ओवतो. जानेवारी २०२४ मध्ये लायन्सनी ३२ वर्षांत पहिला प्लेऑफ सामना जिंकला. पुढच्या मोसमात १५ सामने जिंकले, दोनच हरले. सूएल २०२३ आणि २०२४ मध्ये ऑल-प्रोच्या पहिल्या संघात. एकदा तर व्हिकिंग्जविरुद्ध या दीडशे किलोच्या माणसानं चक्क पास झेलून सामना खिशात टाकला!

म्हणजे पाळी तीच, जागा तीच, निकाल उलटे. एकटा आकडा काही ठरवत नाही.

अजून एक उदाहरण. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या चार पाळ्यांत तीन टॅकल गेले. पहिला एरिक फिशर. तो ठीकठाक निघाला, कॅन्सस सिटीबरोबर सुपर बोल जिंकला. दुसरा ल्यूक जोकल, त्याचं काही जमलंच नाही. चौथा लेन जॉन्सन, तो फिलाडेल्फियाचा वर्षानुवर्षांचा खांब. आणि त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, शंभर नावं होऊन गेल्यावर, ग्रीन बेला डेव्हिड बख्तियारी मिळाला, जो पुढे ऑल-प्रो झाला. त्यामुळे "लाइनमन लवकर घेतला की काम सुरक्षित" हे खरं नाही आणि "लाइनमन नंतरही मिळतात" हेही पूर्ण खरं नाही. बख्तियारी रोज मिळत नाही.

मग ठरवायचं कसं? मी माझ्यापुरते तीन प्रश्न काढलेत.

पहिला: वाचवायला कुणी आहे का? क्वार्टरबॅकच धड नसेल, तर नुसती भिंत बांधून सामने जिंकता येत नाहीत. २०२१ चे लायन्स आठवा.

दुसरा: आत्ता नाही घेतला, तर पुढच्या फेरीत जो मिळेल तो किती कमी आहे? चेस आणि दुसऱ्या फेरीतला रिसीव्हर यांच्यातलं अंतर, आणि सूएल आणि दुसऱ्या फेरीतला लाइनमन यांच्यातलं अंतर. यातलं जे मोठं, ते आधी घ्यायचं.

तिसरा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: बाकीच्या चार जागांचं काय? भिंत ही साखळी आहे. समोरचा प्रशिक्षक तुमच्या सगळ्यात चांगल्या माणसासमोर आपला डॉनल्ड उभा करणार नाही, सगळ्यात कच्च्या माणसासमोर करेल. सुपर बोलमध्ये बेंगल्सची उजवी बाजू, गार्ड आणि टॅकल, दोघेही बदली म्हणून आत आलेले होते. एकटा सूएल एक जागा भरून काढणार, दुसरी तशीच राहणार.

म्हणून आज मला विचाराल तर चेसला घेणं चूक नव्हतं. हो, मी हे रेकॉर्डवर बोलतोय, मित्रा ऐक! २०२४ मध्ये त्यानं झेल, यार्ड आणि टचडाउन, तिन्हीत लीगमध्ये पहिला नंबर काढला. चूक त्यानंतर झाली. दुसऱ्या फेरीत ४६ व्या क्रमांकावर त्यांनी जॅक्सन कारमन घेतला. कॉलेजचा टॅकल, त्याला गार्ड बनवायला गेले, जमलं नाही. सुपर बोलच्या सुरुवातीच्या अकरात तो नव्हता. खरी डागडुजी झाली ती २०२२ मध्ये, तीन अनुभवी लाइनमन बाहेरून आणून. तेव्हा सुपर बोल हातचा गेलेला होता.

आता दादांचं ते वाक्य आठवा. ते असं कधीच म्हणाले नाहीत की वर चढणारा शोधू नका. त्याच्याशिवाय हंडी फुटतच नाही. ते म्हणाले, खालचे सकाळी गोळा केले. दोष निवडीच्या क्रमात नव्हता, उरलेल्या जागा नशिबावर सोडण्यात होता. रिसीव्हर पाचवा घ्या, खुशाल घ्या. पण मग सहाव्या मिनिटापासून भिंतीची काळजी सुरू करा. कारण वरचा पडतो तेव्हा मोडतं ते त्याचं हाड असतं, निवड करणाऱ्याचं नाही.

तो आमचा वरचा पोरगा आता चांगला बाप्या झालाय. भेटला की मनगट फिरवून दाखवतो, अजून कट्कन वाजतं. हसतो. मी पण हसतो, पण माझं लक्ष त्या आवाजाकडे जातं.

चला, आज इथेच थांबतो. पुढचा सामना बघाल तेव्हा एक करा: चेंडू फेकला जातो तेव्हा चेंडूकडे बघू नका. त्या पाच पाठींकडे बघा, फक्त तीन सेकंद. आणि तुम्ही २०२१ मध्ये पाचव्या पाळीला असतात तर कुणाला घेतलं असतं, ते कारणासकट कळवा. "सूएल" एवढंच लिहून पळू नका, मी पकडेन. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!