स्टॉलपुढचा माणूस

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि डिझेल इंजिनाच्या तेलात हात काळे करता करता चाळिशी ओलांडली. पण "तुम्ही प्रदर्शनांत स्टॉल सांभाळता, त्यावरच बोला," असा चिटणीसांचा हुकूम झाला, म्हणून उभा आहे.

काशीला प्रदर्शनाचं नवल नाही. १९०५ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, तेव्हा अध्यक्ष होते आपले नामदार गोखले. त्याला जोडून औद्योगिक प्रदर्शन होतं आणि पहिली औद्योगिक परिषदही रमेशचंद्र दत्तांच्या अध्यक्षतेखाली इथेच झाली. तेव्हाच्या पाहुण्याला खात्री हवी होती ती एकच, की ही वस्तू आपल्या देशात होऊ शकते. वस्तू मांडून ठेवली की निम्मं काम झालं.

पुढे कित्येक वर्षं आम्हीही तेच करत राहिलो. आपला कारखाना १९६१ चा, पहिलं इंजिन १९६४ च्या जानेवारीत बाहेर पडलं, १९७६ पासून निर्यात. असा इतिहास असला की स्टॉलवर काय ठेवायचं याचा विचार करावा लागत नाही. काचेच्या पेटीत इंजिनाचं मॉडेल, मागे मोठा फोटो, टेबलावर गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक. येणारे बहुतेक रेल्वेचेच अधिकारी किंवा परदेशी रेल्वेचे लोक. अश्वशक्ती किती, गेज कोणता, सुटे भाग कधी मिळतील, एवढेच प्रश्न. उत्तरं पाठ होती.

मग गाडीने रूळ बदलला. २०१७ मध्ये इथे पहिलं विजेचं इंजिन तयार झालं. २०१९ च्या फेब्रुवारीत डिझेलचं विजेवर रूपांतर केलेलं दहा हजार अश्वशक्तीचं जोड इंजिन निघालं. २०२० मध्ये 'डिरेका'चं 'बरेका' झालं. आज ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झालं आहे. परदेशासाठी डिझेल इंजिनं अजून बनतात, मोझांबिकला गेली आहेत. पण घरचं गिऱ्हाईक विजेचं झालं.

याच काळात दिल्लीतल्या एका प्रदर्शनात मी स्टॉलवर होतो. कोणतं प्रदर्शन ते सांगत नाही, कारण चूक माझी होती. दुपारी पन्नाशीचा एक माणूस आला. आपल्याच चांदपूर औद्योगिक वसाहतीतला, रात्रभर शिवगंगा एक्सप्रेसने प्रवास करून आलेला. इंधनाच्या पाइपांचे क्लॅम्प बनवायचा, पदरी सात-आठ कामगार. त्याने मॉडेलकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "भाईसाहब, अगले पाँच साल में आप लोग क्या ख़रीदेंगे?"

मी त्याला माहितीपत्रक दिलं. वर आमच्या इंजिनाची अश्वशक्तीही सांगितली! त्याने ते घडी करून पिशवीत ठेवलं, आपलं कार्ड दिलं आणि गेला.

रात्री गेस्ट हाऊसवर मला उत्तर सुचलं, आणि ते मुळीच अवघड नव्हतं. विजेच्या इंजिनात पिस्टन नाही, लायनर नाही, इंजेक्टर नाही, डिझेलचे पाइप नाहीत. पण ब्रेक हवेवरच चालतात, म्हणजे हवेचे पाइप आहेतच. केबल तर कितीतरी वाढल्या. पाइप आणि केबल म्हटलं की क्लॅम्प आलेच. माप वेगळं, मान्यतेची प्रक्रिया वेगळी, पण त्याचं यंत्र आणि त्याचे कामगार तेच चालले असते. हे मला ठाऊक होतं. माझ्यासमोर विकत घेणारा नसून विकायला आलेला माणूस उभा आहे, एवढंच लक्षात आलं नाही.

त्यानंतर मी स्टॉलवर एक साधी गोष्ट सुरू केली. मॉडेल बाजूला सरकवून टेबलावर सुटे भाग मांडले, जुन्या इंजिनातले डावीकडे, नव्यातले उजवीकडे. विद्यार्थी येतात, ते हातात घेऊन बघतात. छोटे कारखानदार उजव्या बाजूला रेंगाळतात, फोटो काढतात, माप विचारतात. आलेल्या माणसाला मी आधी विचारतो, "आपण काय करता?" साहेब लोकांना काचेची पेटी अजून आवडते, म्हणून तीही ठेवली आहे. सगळ्यांना एकदम बदलता येत नाही.

आपल्या शेजारचे गालिचेवाले यात आमच्यापेक्षा हुशार. त्यांचा इंडिया कार्पेट एक्स्पो २०१८ मध्ये बडा लालपूरच्या हस्तकला संकुलात भरला होता. २०२० मध्ये करोनामुळे पडद्यावर भरवावा लागला. पण गालिच्यावरून हात फिरवल्याशिवाय त्याचा पोत कसा कळणार? २०२२ मध्ये त्यांनी तो थेट भदोहीला नेला, जिथे माग आहेत. खरेदीदाराला गालिचा दाखवायचा आणि विणणारे हातही जवळच असायचे. आम्हाला इंजिन उचलून दिल्लीला नेता येत नाही, ही आमची अडचण!

आपल्या आनंदमेळ्याचंही पाहा ना. साबुदाणा वडा हातोहात संपतो, पण मराठी पुस्तकांच्या टेबलाशी आपलीच मुलं थांबत नाहीत. त्यांना दोष देण्याआधी टेबलामागे यंदा एखादा कॉलेजातला मुलगा बसवून पाहू, अशी समितीला विनंती.

त्या चांदपूरच्या गृहस्थांचं कार्ड अजून माझ्या पाकिटात आहे. परत आल्यावर महिन्याभराने फोन केला होता. नंबर बंद होता. एका रविवारी स्कूटरवरून वसाहतीत जाऊन आलो. त्या पत्त्यावर आता पाण्याच्या बाटल्यांचं गोदाम आहे. आपल्यापैकी कुणाचं तिकडे जाणं-येणं असेल आणि क्लॅम्पवाल्याचा ठावठिकाणा लागला, तर मला अवश्य कळवा.

एवढं बोलून आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!