डोलीमागे किती पाट्या?

मैत्रिणींनो, गटातून कर्ज काढून आपण बोंबील सुकवतो. मग पुढच्या हंगामात बोंबील येणार की नाही, हे कुणाला विचारायचं? गुजरातच्या डोली आणि आपल्या डोली एकाच दर्यात लागतात. माशाला राज्याची हद्द कुठे ठाऊक! पुरती नोंद कुणाकडेच नाही. पण माल आधी आपल्याच हाताखालून जातो ना?

तेव्हा पट्टी घ्या. माल निवडायच्या आधी, हाताला येतील ते 50 बोंबील तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजा. मोठे काढून झाल्यावर मोजलंत तर हिशोब खोटाच येणार. राज्याने 2023 साली बोंबलाची किमान लांबी 180 मिलिमीटर ठरवली, म्हणजे वितीपेक्षा थोडी कमी. त्याखालचे किती, ते वेगळं लिहा.

तांडेलाला विचारा, डोली किती लावल्या? समजा गेल्या साली चार डोलींत दहा पाट्या आल्या, यंदा आठ डोलींत दहा. बाजारात माल तेवढाच दिसतो, पण डोलीमागे निम्माच आला!

नुसते बारीक जास्त दिसले म्हणून घाबरू नका. त्या साली पैदास चांगली झाली असेल. पण बारीक वाढले, डोलीमागे पाट्याही घटल्या आणि असं दोन-तीन हंगाम चाललं, तर जाळ्याचा आस मोठा करा, हे सोसायटीत वही दाखवून सांगता येईल. तुलना मात्र कार्तिकाची कार्तिकाशीच करा.

पट्टी प्लास्टिकची घ्या, लाकडी भिजून फुगते.