पहारेकरी वृद्ध होतात तेव्हा

(शाहूपुरी, कोल्हापूर येथील व्याख्यान)



राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या या शाहूपुरीला गुळाची पारख आहे. गोदामाला आग लागली तर पाण्याचा मारा करावाच लागतो. परंतु आग विझल्यावरही तो थांबला नाही, तर ज्वाळांतून वाचलेल्या ढेपा पाण्यात विरघळतात. पक्षाघातानंतर वृद्ध मेंदूत असेच काहीसे घडते.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. हा राडारोडा उचलण्यास मायक्रोग्लिया या मेंदूतील संरक्षक पेशी धावतात. स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली त्यांची ओळख पटविली. काही तासांतच रक्तातील पांढऱ्या पेशीही तेथे पोहोचतात. तरुण प्राण्यांच्या मेंदूत हे पहारेकरी सफाई करून बऱ्याच अंशी शांत होतात, दुरुस्तीलाही हातभार लावतात. वृद्ध प्राण्यांत मात्र ते आधीच चिडलेले असतात. सफाई मंदावते, दाह लांबतो आणि शेजारच्या निरोगी पेशीही होरपळतात.

मग त्यांना रोखावे काय? पांढऱ्या पेशींची वाट अडविणाऱ्या एन्लिमोमॅब औषधाची चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांची प्रकृती उलट अधिक बिघडली होती. पहारेकऱ्यांना हाकलणे नव्हे, तर वेळीच आवरणे, हा आता शोधाचा विषय आहे. त्यातही बहुतेक प्रयोग तरुण उंदरांवर झाले, रुग्ण मात्र वृद्ध! मुंबईतील २००५-०६ च्या पाहणीत पक्षाघाताच्या रुग्णांचे सरासरी वय ६६ होते आणि सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांतच दगावले.

तोवर घरच्यांच्या हाती काहीच नाही, असे नाही. ‘अंगावरून वारे गेले’ म्हणत, तेल चोळत सकाळची वाट पाहू नये. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली, की तत्काळ रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. पुढे शरीराची प्रतिकारशक्तीही खालावते, न्यूमोनिया गाठतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाण्याचा घोटही देऊ नये.

‘वय झाले, आता काय व्हायचे?’ असे म्हणून ज्येष्ठांना अंथरुणावर सोडून देऊ नये. वृद्ध मेंदू सावकाश सावरतो, पण सावरतो. त्याला घरच्यांची तत्परता आणि धीर, दोन्ही हवे असतात.